हिशेबाची वही, सरकती गोष्ट

संगणकीय नोटबुक म्हणजे गद्य, संगणकाला दिलेल्या आज्ञा आणि त्या आज्ञांतून निघालेले आकडे, तक्ते व आलेख एकाच पानावर एकाखाली एक ठेवणारी वही. तिचे लहान लहान कप्पे असतात. एका कप्प्यात चार ओळींचे स्पष्टीकरण, पुढच्यात पावसाच्या नोंदींची फाइल उघडण्याची आज्ञा, तिच्याखाली फाइलीतल्या पहिल्या काही ओळी, मग सरासरी, मग आलेख. आज्ञेतला एखादा आकडा बदलून कप्पा पुन्हा चालवला की खालचे उत्तर बदलते. छापील अहवालात उत्तर तेवढे हाती येते आणि ते कसे आले हे लिहिणाऱ्याच्या टेबलावरच राहते. नोटबुकमध्ये उत्तराची आणि रीतीची ताटातूट होत नाही. विज्ञान, पत्रकारिता आणि नियोजन या क्षेत्रांत नोटबुकला आलेले महत्त्व मुख्यतः या एका गुणाचे आहे.

सरकती गोष्ट हा वाचनाचा प्रकार आहे. वाचक बोटाने पान वर सरकवतो, मजकूर पुढे जातो, शेजारचे किंवा मागचे चित्र मात्र जागेवर थांबते. प्रत्येक परिच्छेद समोर आला की त्या चित्रात नेमका एक बदल होतो: एक रेघ ठळक होते, नकाशा एका शिवाराजवळ येतो, बाकीच्या विहिरी फिकट होऊन एकच उरते. वाचायचे काय आणि बघायचे कुठे हे दोन्ही एकाच हालचालीत ठरते, त्यामुळे अवघड आलेखही एका दमात अंगावर येत नाही.

या दोहोंचा मेळ घालण्याची गरज नोटबुकच्या स्वभावातूनच निर्माण होते. नोटबुक लिहिणाऱ्याच्या सोयीने वाढते. आधी फाइल उघडावी लागते, मग तिच्यातल्या रिकाम्या जागा आणि चुकीच्या तारखा दुरुस्त कराव्या लागतात, मग चार आलेख काढून त्यांतले तीन टाकून द्यावे लागतात. हा क्रम शोध घेणाऱ्याचा आहे. वाचणाऱ्याला आधी प्रश्न कळायला हवा, मग त्या प्रश्नाचे वजन, मग उत्तर आणि सर्वांत शेवटी दुरुस्त्यांचा तपशील. नोटबुकची गोष्ट करायची म्हणजे हा क्रम बदलायचा, आणि तो बदलताना विधान व हिशेब यांच्यातला धागा तुटू द्यायचा नाही. पुढचे सारे विवेचन या एका अटीभोवती आहे.

नोटबुकचा इतिहास थोडक्यात सांगता येतो. माणसाने वाचावा असा निबंध आणि यंत्राने चालवावा असा प्रोग्रॅम एकाच मजकुरात विणावा, ही कल्पना संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड कनूथ यांनी १९८४ मध्ये मांडली. १९८८ मध्ये मॅथेमॅटिका या सॉफ्टवेअरबरोबर नोटबुकचा आजचा चेहरा दिसू लागला. फर्नांडो पेरेझ यांनी विद्यार्थिदशेत, २००१ मध्ये, पायथॉन या संगणकभाषेसाठी आयपायथॉन हे साधन सुरू केले. २०११ मध्ये त्याला ब्राउझरमध्ये चालणारी नोटबुक मिळाली आणि २०१४ मध्ये त्यातून ज्युपिटर प्रकल्प उभा राहिला. संख्याशास्त्रज्ञांच्या आर भाषेत हीच वाट २००२ मधल्या स्वीव्हपासून निघून २०१२ मधल्या निटरमार्गे २०२२ मधल्या क्वार्टो या साधनापर्यंत आली. महाराष्ट्रातही हा प्रकार परका राहिलेला नाही. मुंबईच्या आयआयटीतील फॉसी प्रकल्पाने पाठ्यपुस्तकांतली सोडवलेली उदाहरणे नोटबुकच्या रूपात विद्यार्थ्यांकडून तयार करून घेतली. ११ फेब्रुवारी २०१६ रोजी गुरुत्वीय लहरींचा पहिला शोध जाहीर झाला, तेव्हा लायगो या वेधशाळेने मूळ नोंदींसोबत त्या उलगडून दाखवणारी नोटबुकही खुली केली. त्या नोटबुकमध्ये गोंगाटातून संकेत वेचण्याची जी रीत दिसते, तिच्या पायाभरणीत पुण्याच्या आयुका या संस्थेतील संजीव धुरंधर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा वाटा मोठा आहे. शोधाची बातमी वाचणारा विद्यार्थी त्याच दिवशी तो हिशेब स्वतः करून पाहू शकत होता, ही विज्ञानाच्या व्यवहारातली लहान गोष्ट नव्हे.

सरकत्या गोष्टीचा बोलबाला झाला तो डिसेंबर २०१२ मध्ये, न्यूयॉर्क टाइम्सच्या ‘स्नो फॉल’ या हिमस्खलनावरच्या दीर्घ वृत्तांतामुळे. पण थांबलेले चित्र आणि पुढे जाणारे कथन ही जोडी महाराष्ट्रात फार जुनी आहे. कुडाळजवळच्या पिंगुळीतले ठाकर समाजाचे चित्रकथी रामायण-महाभारतातली आख्याने सुट्या चित्रांच्या पोथीतून सांगत आले. एक चित्र समोर धरायचे, कथन आणि गाणे त्याच्याभोवती फिरवायचे, प्रसंग संपला की पुढचे चित्र पुढे आणायचे. या परंपरेचे जतन करणारे परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. पुण्याच्या राजा केळकर संग्रहालयातही या चित्रांचा संग्रह आहे. चित्रकथीच्या एका चित्रात सहसा एकच प्रसंग असतो आणि तो सांगून होईपर्यंत चित्र हलत नाही. सरकत्या गोष्टीच्या रचनाकाराने ही शिस्त जशीच्या तशी उचलावी. एका पायरीवर एकच बदल, आणि तो बदल शब्दांत सांगून होईपर्यंत दुसरा नाही.

नोटबुक आणि गोष्ट यांचा मेळ कुठे खरोखर उपयोगी पडेल, याचे उत्तम उदाहरण अहिल्यानगर जिल्ह्यात आहे. नगर तालुक्यातले हिवरे बाजार हे पर्जन्यछायेतले गाव. पाऊस सरासरी ४०० मिलिमीटरच्या आसपास, तोही बेभरवशाचा. १९८९ मध्ये पोपटराव पवार सरपंच झाले आणि पुढच्या वर्षांत श्रमदानातून समतल चर, नालाबांध, पाझर तलाव अशी माथ्यापासून पायथ्यापर्यंत कामे झाली. चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी पाळली गेली. शेतीसाठी बोअर घ्यायची नाही, ऊस आणि केळी लावायची नाही, असे गावाने ठरवले. पवारांना २०२० मध्ये पद्मश्री जाहीर झाली. या सगळ्याहून प्रस्तुत विषयाला जवळची आहे ती गावाची दरवर्षीची एक सवय: पाण्याचा ताळेबंद. पाऊस मोजायचा, विहिरींची पातळी बघायची, माणसांचे व जनावरांचे पिण्याचे पाणी बाजूला काढायचे आणि उरलेल्या पाण्यात रब्बीला व उन्हाळ्यात काय घ्यायचे ते ग्रामसभेत ठरवायचे. पारनेर तालुक्यातले राळेगणसिद्धी, संगमनेर तालुक्यातले दरेवाडी ही पाणलोटाच्या कामासाठी ओळखली जाणारी गावेही याच जिल्ह्यातली. महाराष्ट्रातल्या ज्या तेरा जिल्ह्यांत अटल भूजल योजना राबवली गेली त्यांत हा जिल्हा आहे, आणि तिच्यातही ग्रामपंचायतींनी आपापल्या पाण्याचा हिशेब मांडणे अपेक्षित होते. पाण्याच्या जमाखर्चाची भाषा इथल्या शेतकऱ्याला शिकवावी लागत नाही.

हा ताळेबंद नोटबुकमध्ये कसा उतरतो ते एका ढोबळ हिशेबातून बघता येते. १ हेक्टरवर १ मिलिमीटर पाऊस पडला तर ते पाणी १० घनमीटर, म्हणजे १० हजार लिटर भरते. हिवरे बाजारचे क्षेत्र सुमारे ९७७ हेक्टर. म्हणजे एक मिलिमीटरच्या सरीत गावाच्या हद्दीत ९७ लाख ७० हजार लिटर पाणी पडते आणि ४०० मिलिमीटरच्या वर्षात जवळपास ३९१ कोटी लिटर. आता पिण्याचे पाणी. लोकवस्ती साडेबाराशे धरली आणि जलजीवन मिशनच्या निकषाप्रमाणे माणशी रोज ५५ लिटर धरले, तर वर्षाची गरज सुमारे अडीच कोटी लिटर होते. पडणाऱ्या पावसाच्या एक टक्काही नाही. हा आकडा पहिल्यांदा बघणाऱ्याला प्रश्न पडतोच: मग एवढ्याच पावसाच्या गावांना उन्हाळ्यात टँकर का लागतात?

उत्तर खडकात आणि पिकात आहे. पडलेले सगळे पाणी विहिरीला मिळत नाही. काही ओढ्याने वाहून जाते, बरेचसे उन्हाने उडते, काही मातीत राहून खरिपाला आणि गवताला लागते. दख्खनच्या काळ्या पाषाणात, म्हणजे बेसॉल्टमध्ये, मुरणारा वाटा लहान असतो. भूजलाचा अंदाज बांधण्यासाठी नेमलेल्या केंद्रीय समितीने १९९७ मध्ये दिलेल्या निकषांत झिजलेल्या बेसॉल्टसाठी पावसाच्या ७ टक्के आणि सच्छिद्र, भेगाळ बेसॉल्टसाठी १३ टक्के मुरवण धरलेली आहे. ७ टक्के धरले तर ३९१ कोटींतून विहिरींच्या वाट्याला सुमारे २७ कोटी लिटर येतात. उसाला हंगामभर साधारण २,००० मिलिमीटर पाणी लागते. पावसाचे सगळे ४०० मिलिमीटर त्याच्या कामी आले असे उदारपणे मानले तरी उरलेले १,६०० मिलिमीटर, म्हणजे हेक्टरी १ कोटी ६० लाख लिटर, विहिरीतून उपसावे लागतात. या हिशेबाने जवळपास चार एकर ऊस गावाचे वर्षभराचे पिण्याचे पाणी पितो. पिण्याचे पाणी बाजूला काढल्यावर उरलेले सगळे भूजल साडेपंधरा हेक्टर उसात संपते. ९७७ हेक्टरांच्या गावात साडेपंधरा हेक्टर. ऊसबंदीचा ठराव या आकड्याशेजारी ठेवून वाचला की त्यामागचा विचार लगेच उलगडतो.

हिशेब करताना चार एकर उसाचा आकडा अगदी शेवटी हाती येतो. गोष्टीत तो सुरुवातीला यायला हवा, कारण वाचक त्यासाठीच थांबेल. चार एकराचा तुकडा आणि गावातली सगळी घरे, दोघांचे पाणी सारखे, एवढेच पहिल्या पडद्यावर असावे. मग वाचक सरकवू लागला की चित्राच्या जागी एक उभा स्तंभ उभा राहावा: ३९१ कोटी लिटर. पुढच्या पायरीवर त्यातले उडून आणि वाहून गेलेले, मातीत राहिलेले पाणी फिकट व्हावे आणि तळाशी २७ कोटींची पातळ पट्टी उरावी. त्यापुढे ती पट्टीच मोठी होऊन पडदाभर यावी, तिच्यात अडीच कोटींचा पिण्याचा हिस्सा वेगळ्या रंगात दिसावा आणि राहिलेल्या जागेत पिकांचे ठोकळे एकेक करून बसत जावेत. चित्र मोठे करताना शेजारची मोजपट्टी बदलते, हे मजकुरात सांगणे रचनाकाराला बंधनकारक मानावे. नाहीतर एक टक्क्याची गोष्ट वाचकाला निम्म्याची वाटते, आणि सरकत्या मांडणीतला सर्वांत सोपा अप्रामाणिकपणा नेमका इथे घडतो.

यंत्रणेच्या बाजूने बघता हे काम आता अवघड राहिलेले नाही. चित्राला पानावर चिकटवून ठेवण्याची सोय ब्राउझरमध्येच आहे. एखादा परिच्छेद पडद्यावर ठरावीक जागी पोहोचला की ब्राउझर तशी सूचना देतो आणि त्या सूचनेवर चित्राची अवस्था बदलते. ‘द पुडिंग’ या नियतकालिकाच्या रसेल समोरा यांनी याच सूचनेवर आधारलेले स्क्रोलामा हे छोटे साधन तयार केले. पण त्यासाठी ब्राउझरची जावास्क्रिप्ट ही भाषा लिहावी लागते, आणि नोटबुक लिहिणारा भूजलतज्ज्ञ किंवा अर्थशास्त्राचा विद्यार्थी तिथेच अडतो. क्वार्टोसाठी अँड्र्यू ब्रे आणि जेम्स गोल्डी यांनी केलेल्या क्लोजरीडने ही अडचण बरीच दूर केली. नोटबुकच्या मजकुरातच कोणता आलेख थांबवायचा आणि कोणत्या परिच्छेदाला त्याचा कोणता भाग ठळक करायचा याच्या खुणा करता येतात. बाकीचे काम क्वार्टो करते. याचा खरा फायदा श्रमबचतीपेक्षा मोठा आहे. गोष्ट आणि हिशेब एकाच फाइलीत राहतात, त्यामुळे पावसाचा आकडा दुरुस्त केला की आलेख, पायऱ्या आणि मजकुरातले आकडे सगळे एकदम बदलतात. आलेखाचे चित्र उचलून दुसऱ्याच साधनात डकवणाऱ्या पद्धतीत ते होत नाही. चार महिन्यांनी आलेख एक सांगतो आणि त्याच्याखालची ओळ दुसरेच.

वाचकाच्या हातात किती द्यायचे हा या प्रकारातला कठीण प्रश्न आहे. एडवर्ड सेगल आणि जेफ्री हीर यांनी २०१० मध्ये आकडेवारीच्या अनेक कथा तपासून त्यांच्या रचनांचे वर्गीकरण केले. त्यांतल्या एका रचनेत लेखक आधी वाचकाचे बोट धरून ठरलेल्या वाटेने नेतो आणि शेवटी मोकळ्या मैदानात सोडतो. ताळेबंदासाठी हीच रचना योग्य ठरते. सुरुवातीलाच पाऊस, मुरवण, लोकसंख्या आणि पिके यांच्या चार कळा समोर ठेवल्या तर वाचक त्या इकडेतिकडे फिरवून निघून जातो, कारण कोणत्या कळीचा अर्थ काय हे त्याला अजून कळलेले नसते. गोष्ट संपल्यावर त्याच कळा त्याच्या हातात प्रश्न देतात. मुरवण ७ वरून १३ टक्क्यांवर नेली की विहिरींचे पाणी २७ कोटींवरून जवळपास ५१ कोटींवर जाते आणि साडेपंधरा हेक्टरांच्या जागी तीस हेक्टर ऊस बसतो. खडकाविषयीचे एक गृहीतक बदलले आणि उत्तर दुप्पट झाले. हे वाचकाला सांगून जितके कळते त्यापेक्षा कळ फिरवताना जास्त कळते, आणि आपल्या शिवारातला खडक नेमका कोणता याची चौकशी करण्याची इच्छाही तिथूनच होते.

कळा देताना त्या कुठवर खऱ्या आहेत हेही सांगावे लागते. पावसाची कळ ४०० वरून २०० वर आणली की वरचा साधा हिशेब मुरवणही बरोबर निम्मी दाखवतो. शिवारात तसे होत नाही. भुरभुर पडणाऱ्या पावसाचे पाणी मातीच्या वरच्या थरातच अडकते. विहिरीपर्यंत पोहोचायला माती आधी भिजून तृप्त व्हावी लागते. म्हणून २०० मिलिमीटर तीन मोठ्या सरींत पडले की चाळीस दिवसांत, यावर उत्तर अवलंबून असते. राज्य शासनाच्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पासाठी मुंबईच्या आयआयटीने गावपातळीवरचा पाण्याचा जो हिशेब बसवला, तो वार्षिक बेरजेऐवजी रोजचा पाऊस, मातीचा प्रकार, उतार आणि पीक यांवर चालतो, त्याचे कारण हेच आहे. साध्या नोटबुकमध्ये पावसाची कळ ठेवायची असेल तर तिची मर्यादा त्याच पडद्यावर लिहावी. खाली टीपेत लिहिलेली मर्यादा सरकत्या पानावर कुणीही वाचत नाही.

विहिरींच्या पातळीच्या आलेखातही हीच काळजी घ्यावी लागते. राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते: जानेवारी, मार्च, मे आणि पावसाळा सरल्यावर ऑक्टोबरच्या सुमारास. आलेखावर त्यामुळे वर्षाला चार ठिपके येतात. सरकत्या गोष्टीत हे ठिपके जोडणारी रेघ वाचकाच्या बोटाबरोबर पुढे पुढे काढत नेण्याचा मोह होतो, आणि ती दिसतेही छान. पण मे आणि ऑक्टोबर यांच्या मधल्या काळात, म्हणजे विहिरी भरण्याच्या ऐन हंगामात, कुणी काही मोजलेले नसते. तिथे अखंड रेघ काढली तर न मोजलेली गोष्ट मोजल्यासारखी दिसते. ठिपके ठळक ठेवावेत, रेघ तुटक ठेवावी आणि गोष्टीतली एक पायरी या रिकाम्या जागेसाठी राखावी. गावाने स्वतः आठवड्याला एक नोंद ठेवली असेल तर ती याच पायरीवर येऊन बसते आणि तिची किंमत न सांगता कळते.

मराठीतून अशी गोष्ट करताना काही अडचणी खास देवनागरीच्या आहेत. पायथॉनमध्ये आलेख काढण्यासाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या मॅटप्लॉटलिबच्या बहुतेक प्रचलित आवृत्त्या देवनागरीची जुळणी करत नाहीत. फाँट बरोबर दिला तरी ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन बसते आणि जोडाक्षरे पाय मोडून सुटी पडतात. ‘विहिरी’ हा शब्दसुद्धा धड उमटत नाही. आलेखातली अक्षरे चित्राऐवजी ब्राउझरकडून काढून घेतली की प्रश्न सुटतो, कारण ब्राउझरला देवनागरी नीट जुळवता येते. आकड्यांचेही असेच. पायथॉनमध्ये चलांना ‘पाऊस’, ‘क्षेत्र’ अशी नावे देता येतात आणि फाइलीतून मजकूर म्हणून आलेले ‘४००’ ही संख्या म्हणून वाचता येते. आज्ञेत मात्र संख्या इंग्रजी अंकांनीच लिहावी लागते. जावास्क्रिप्टला देवनागरी अंक संख्या म्हणून मुळीच ओळखता येत नाहीत. तरी दाखवताना मराठीची निवड केली की तीच जावास्क्रिप्ट देवनागरी अंक आणि लाख-कोटींचे स्वल्पविराम बिनचूक देते. म्हणून हिशेब आतून एका लिपीत आणि दर्शन दुसऱ्या लिपीत अशी विभागणी सुरुवातीलाच करून ठेवणे बरे. पाण्याच्या हिशेबात लाख-कोटी राखणे महत्त्वाचे आहे, कारण दशलक्ष घनमीटर हे एकक धरणाच्या अभियंत्याला सवयीचे असले तरी ग्रामसभेत बसलेल्या माणसाला पाणी लिटरमध्ये आणि टँकरमध्ये कळते.

नोटबुकच्या प्रामाणिकपणाबद्दल वर जे म्हटले ते आपोआप मिळत नाही. कप्पे कुठल्याही क्रमाने चालवता येतात, आणि लिहिणारा तसे चालवतोही. वरचा कप्पा पुसून टाकला तरी त्याचे उत्तर संगणकाच्या स्मरणात राहते आणि खालचा कप्पा त्यावर बिनतक्रार चालतो. ते स्मरण पुसून कप्पे पुन्हा चालवले की सगळे कोसळते. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत गिटहब या संकेतस्थळावरच्या सुमारे १४ लाख ज्युपिटर नोटबुक तपासल्या गेल्या. ज्या पुन्हा चालवून पाहिल्या त्यांपैकी जेमतेम २४ टक्के विनाचूक चालल्या आणि पहिल्यासारखीच उत्तरे देणाऱ्या ४ टक्के निघाल्या. गोष्टीच्या गुळगुळीत पृष्ठभागाखाली अशी नोटबुक असेल तर वाचकाला ते कधीच कळणार नाही, म्हणून प्रकाशनाआधी संगणकाचे स्मरण पुसून सर्व कप्पे पहिल्यापासून शेवटपर्यंत एका दमात चालवून बघणे ही किमान पायरी आहे. वापरलेल्या सॉफ्टवेअरच्या आवृत्त्यांची यादी, मूळ नोंदींची फाइल आणि त्या नोंदी कुणी, कोणत्या पर्जन्यमापकावर घेतल्या याची माहिती नोटबुकसोबत ठेवावी. गोष्टीतल्या प्रत्येक ठळक आकड्याजवळ त्याचा हिशेब उघडणारी खूण असावी. बहुतेक वाचक ती दाबणार नाहीत. ज्याला शंका आहे त्याला ती दाबता यावी, एवढ्यासाठीच ती असते.

वाचक बहुतांशी मोबाइलवर असतो, हे धरूनच रचना करावी लागते. उभ्या अरुंद पडद्यावर चित्र शेजारी मावत नाही; ते मागे जाते आणि मजकुराच्या छोट्या पाट्या त्यावरून सरकतात. पाटीत तीन-चार ओळींपेक्षा जास्त मजकूर असला की चित्र झाकले जाते. पायोडाइडसारख्या साधनांमुळे पायथॉन आता थेट ब्राउझरमध्ये चालते, सर्व्हर लागत नाही. पण त्यासाठी आधी बरेच मेगाबाइट उतरवून घ्यावे लागतात. शिवारात नेटवर्कची एखादीच कांडी असताना हे ओझे लादणे योग्य नाही. ताळेबंदाचा हिशेब गुणाकार-भागाकाराचा आहे. तो आधी करून ठेवावा आणि कळांपुरती चार ओळींची जावास्क्रिप्ट द्यावी. ज्यांना हलत्या चित्रांचा त्रास होतो त्यांच्यासाठी हालचाल बंद करण्याची फोनमधली सोय मानली जावी, पडदावाचक वापरणाऱ्यासाठी प्रत्येक पायरीतला बदल शब्दांतही असावा, आणि एक छापील आवृत्ती असावी. क्वार्टो एकाच मजकुरातून पीडीएफही काढते. ग्रामपंचायतीच्या फलकावर लागणारा कागद आणि फोनवरची गोष्ट एकाच नोटबुकमधून निघाली तर दोन ठिकाणी दोन आकडे असण्याची वेळ येत नाही.

राहिला प्रश्न पुढच्या वर्षाचा. वृत्तपत्रातली सरकती गोष्ट एकदा छापून संपते. पाण्याचा ताळेबंद दरवर्षी होतो. नवीन पावसाची नोंद फाइलीत भरली की नोटबुक पुन्हा चालते आणि आकडे आपोआप बदलतात. पण ‘यंदा पाऊस कमी झाला म्हणून कांद्याचे क्षेत्र घटवले’ हे वाक्य आपोआप बदलत नाही, आणि बदलू देऊही नये. म्हणून मजकूर लिहितानाच दोन प्रकारची वाक्ये ओळखून ठेवावी लागतात. ज्यांतले आकडे हिशेबातून येतात ती यंत्राच्या स्वाधीन. ज्यांत कारण, निर्णय किंवा मत आहे ती दरवर्षी माणसाने वाचून, गरज असेल तर नव्याने लिहायची. अशा वाक्यांवर नोटबुकमध्ये वर्षाची खूण करता येते, आणि खूण जुनी असेल तर पान तयार होतानाच थांबून तसे सांगण्याची व्यवस्थाही करता येते. मागच्या वर्षांच्या आवृत्त्या पुसू नयेत. कोणत्या वर्षी किती मुरवण धरली होती आणि मे महिन्यात विहिरींनी काय दाखवले, हे शेजारी शेजारी ठेवता आले की गृहीतकाची परीक्षा होते आणि पुढच्या ऑक्टोबरात ग्रामसभेसमोर ७ टक्के मांडायचे की १३, हे आपल्याच विहिरींच्या नोंदींवरून ठरवता येते.